‘फ्री साइज’ आहे म्हणे!

अंगाने जरा भरलेल्या मुलीला एक गोष्ट कायम फुकट मिळते. सल्ला. आणि त्यातला एक तर ठरलेलाच: ‘सायकल चालव गं, आपोआप उतरेल.’ मावशी सांगते, शेजारच्या काकू सांगतात, कॉलेजातले पीटीचे सर सांगतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली कोण कुठली आजीही सांगते. सल्ला वाईट आहे असं नाही. सायकलवर अंगाचा बराचसा भार सीट पेलते, त्यामुळे पळण्यापेक्षा गुडघ्यांना त्रास कमी होतो. शिवाय मजा येते, हे कारण कुणी सांगत नाही, पण तेच खरं मोठं कारण आहे.

पण ती चालवायची काय घालून, हे मावशीपासून सरांपर्यंत एकालाही सुचत नाही.

मग काय होतं, ते तुमच्यापैकी अनेकींना माहीत आहे. पहाटे उठून, लेगिंग आणि लांब कुर्ता घालून तुम्ही निघता. पहिला दिवस छान जातो. दुसऱ्या दिवशी मांड्यांच्या आतल्या बाजूला चुरचुरतं. तिसऱ्या दिवशी कातडी लाल होते, चौथ्या दिवशी सोलवटते आणि अंघोळीचं पाणी लागलं की डोळ्यांतून पाणी येतं. पाचव्या दिवशी सायकल भिंतीला टेकते. विचारलं तर तुम्ही सांगता, ‘अभ्यास आहे.’ आणि मनात एक निकाल लागून जातो: आपल्या अंगाला सायकल झेपत नाही.

त्या निकालावर हा लेख आहे. कारण तो चुकीच्या आरोपीविरुद्ध लागलेला असतो.

मांड्या लागणं म्हणजे काय, ते आधी बघू. कातडीला कातडी घासते, मध्ये घाम असतो. घाम सुकला की मागे मीठ उरतं आणि मग ते घासणं म्हणजे जवळपास पॉलिश पेपर फिरवणं. त्यात आपली नेहमीची सुती लेगिंग घाम पिऊन बसते, ओलीच राहते, आणि तिच्या चार शिवणी जिथे एकत्र येतात ती गाठ बरोबर सायकलच्या सीटवर येते. खाली पुन्हा आतल्या कपड्याच्या शिवणी आणि इलॅस्टिक. दर मिनिटाला पन्नास-साठ वेळा पाय फिरतो. अर्ध्या तासाचा हिशेब तुम्हीच करा. हा त्रास किडकिडीत मुलींनाही होतो. फरक एवढाच की ज्यांच्या मांड्या एकमेकींना टेकतात त्यांच्या बाबतीत घासणारी जागा मोठी असते, म्हणून कपड्याने ती पूर्ण झाकणं जास्त गरजेचं असतं. म्हणजे ज्यांना योग्य कपड्याची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्याच मापाचा कपडा दुकानात नसतो.

दुकानात गेलात तर

आपल्या मालेगावच्या बाजारात जाऊन (वाशिमचं मालेगाव बरं का, नाशिकवालं नाही, ही गल्लत कुरिअरवालेही करतात) ‘सायकलिंग शॉर्ट्स’ मागून बघा. मिळेल! पण ती असेल शाळेच्या स्कर्टखाली घालायची, गुडघ्यापर्यंतची, पातळ होजिअरीची चड्डी. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ तोच झालाय. तिचा सायकलशी संबंध नावापुरता. आणि ‘यात मोठा साइज आहे का?’ असं विचारलंत की काउंटरपलीकडून उत्तर येतं, ‘ताई, फ्री साइज हाय, सगळ्याइले येते.’

सगळ्याइले येत नाही, हे तुम्हाला घरी गेल्यावर कळतं.

दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही, तो जे येतं ते विकतो. प्रश्न मुळात माप काढण्यापासून सुरू होतो. बहुतेक कंपन्या कपडा आधी एका लहान किंवा मध्यम मापावर बसवतात आणि मग तोच नमुना ठरावीक इंचांनी वाढवत नेतात. कागदावर हे सोपं दिसतं. पण अंग असं सगळीकडून सारखं वाढत नाही. कुणाची कंबर बेताची आणि मांड्या भरलेल्या असतात, कुणाचं पोट पुढे असतं आणि पाय बारीक. त्यामुळे वरच्या साइजमध्ये हमखास हे होतं: कंबर सैल, मांडी आवळलेली, आणि बसलं की मागून चड्डी खाली सरकते.

त्यात भर म्हणजे आपल्याकडच्या रेडिमेड कपड्यांचे साइज बराच काळ इंग्लंड-अमेरिकेच्या तक्त्यांवरूनच चालत आले. भारतीय अंगांची स्वतःची मापं असावीत म्हणून ‘निफ्ट’ या संस्थेने ‘इंडिया साइज’ नावाचा प्रकल्प हाती घेतला, तो २०१८ मध्ये जाहीर झाला. पंधरा ते पासष्ट वयाच्या २५,००० स्त्री-पुरुषांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची, अशी ती योजना. निवडलेली शहरं सहा: दिल्ली, मुंबई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद आणि शिलाँग. यात विदर्भ नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आणि आपण काही मूठभर आहोत असंही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या २४ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या किंवा स्थूल गटात मोजल्या गेल्या. म्हणजे साधारण चौघींत एक. ज्या बाजाराला चौघींतली एक दिसत नाही, त्याच्या ‘फ्री’ या शब्दावर किती विश्वास ठेवायचा?

बाहेरच्या देशांतही हे सहज झालेलं नाही. बायकांच्या अंगाला मुळात सायकलच बसत नाही, हे ओळखून अमेरिकेत जॉर्जिना टेरी नावाच्या इंजिनिअर बाईंनी १९८५ मध्ये खास बायकांसाठी सायकली बनवायची कंपनी काढली. त्या कंपनीच्या नावाने पुढे मोठ्या मापाच्या शॉर्ट्सही निघाल्या. इंग्लंडमधली एक कंपनी तर स्वतःला चक्क ‘फॅट लॅड ॲट द बॅक’ म्हणवून घेत जाड्या सायकलस्वारांचे कपडे विकू लागली. आणि २०२१ मध्ये ‘ऑल बॉडीज ऑन बाइक्स’ ही छोटी फिल्म आली. तिच्यात मार्ली ब्लॉन्स्की आणि केली कॉर्नहाउझर या दोघी अंगाने मोठ्या मैत्रिणी सामान लादून ओरेगॉनमधल्या जंगलवाटांनी समुद्रापर्यंत सायकल चालवत जातात. दोघी स्वतःला बिनदिक्कत ‘फॅट’ म्हणतात. वजन उतरवायला निघालेल्या नाहीत, फिरायला निघालेल्या आहेत. वेळ मिळाला तर बघा.

आपल्याकडे पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून जगाची फेरी पूर्ण केली. तुमच्याच वयाची मुलगी. तिच्याबद्दलच्या बातम्यांत किलोमीटर आले, देश आले, स्पेनमध्ये तिला लुटलं तेही आलं. इतके तास सीटवर बसताना काय घालायचं, हा विषय सहसा बातमीत येत नाही. तो मुली एकमेकींना हळूच विचारतात.

ती गादी नक्की कशासाठी?

खऱ्या सायकलिंग शॉर्ट्समध्ये दोन गोष्टी असतात: अंगाला चिकटून बसणारं ताणलं जाणारं कापड, आणि आत शिवलेली गादी, म्हणजे पॅड. पूर्वी या शॉर्ट्स लोकरीच्या असत आणि आत शामी नावाच्या डोंगरी जनावराचं मऊ कातडं लावत. धुतलं की ते वाळून कडक व्हायचं, मग स्वार त्याला क्रीम चोळून मऊ करायचे. आज कातडं गेलं, फोम आला, पण जगभर या गादीला अजून ‘शामी’च म्हणतात आणि क्रीमही विकलं जातंच.

कापडाची गोष्ट तर आणखी गमतीची. लायक्रा ज्याला म्हणतो तो धागा १९५८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनतज्ज्ञाने तयार केला. कशासाठी? बायकांचं पोट-कंबर आवळून धरणाऱ्या आतल्या कपड्यांमधलं रबर बदलायला. बायकांना बारीक दाखवण्यासाठी जन्मलेला धागा पुढे सायकलच्या शर्यतींत गेला, आणि तिथून परत येताना मोठ्या मापाच्या बायकांना विसरूनच आला.

गादीबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे: जाड तितकी चांगली. तसं नसतं. बसताना आपला भार खरं तर दोन हाडांवर असायला हवा. कुल्ह्यांच्या खालच्या बाजूला, कडक बाकावर बसलं की टोचतात ती बैठकीची हाडं. गादीचं काम त्या दोन हाडांखाली दाट, न दबणारा आधार देणं आणि मधल्या नाजूक भागावर दाब येऊ न देणं. फुसका, भुसभुशीत फोम दहा मिनिटांत दबतो, हाडं खाली रुततात आणि मधला भाग वर येऊन दाबला जातो. सायकलच्या सीटवर चढवायची जेलची जाड टोपी मिळते ना, तिचंही हेच होतं. दुकानात अंगठ्याने दाबल्यावर ती फार छान वाटते. लांब चालवली की कळतं.

आता या सगळ्यातली मला सर्वात आवडलेली गोष्ट. वजन वाढलं म्हणून या दोन हाडांमधलं अंतर वाढत नाही. एखाद्या भरल्या अंगाच्या मुलीची बैठकीची हाडं जवळजवळ असू शकतात आणि एखाद्या काटकुळीची लांब. ‘तू जाड, तुला रुंद सीट लागणार’ हे दुकानातलं वाक्य म्हणजे नुसता अंदाज. अंतर घरीच मोजता येतं. खोक्याचा नालीदार पुठ्ठा घ्या, कडक स्टुलावर ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, थोडं पुढे वाका, पाय किंचित उचला आणि मिनिटभर तशाच राहा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. सीटचा मागचा भाग त्यापेक्षा साधारण दोन-अडीच सेंटिमीटर जास्त रुंद हवा. लेडीज सायकलसारखं ताठ बसत असाल तर आणखी थोडा. आणि शॉर्ट्सच्या गादीचा दाट भाग या दोन्ही खळग्यांना पुरून उरला पाहिजे. हाडं गादीच्या काठावर आली तर गादी नसलेली बरी, इतकं टोचतं. पुरुषांच्या शॉर्ट्स मोठ्या मापात सहज मिळतात म्हणून अनेकजणी त्या घेतात. तिथे अडचण हीच: त्यांची गादी बहुतेकदा मागे अरुंद आणि पुढे लांब असते, शिवाय कंबर-हिपचा हिशेबही वेगळा. दुसरं काहीच मिळत नसेल तर ठीक, पण पहिली निवड नव्हे.

टेप घ्या, अक्षरं विसरा

एक्सएल, डबल एक्सएल, थ्री एक्सएल या अक्षरांना काही अर्थ नाही. एका कंपनीचा थ्री एक्सएल दुसरीच्या एक्सएलपेक्षा लहान असू शकतो. सेंटिमीटर मात्र सगळीकडे सेंटिमीटरच. तेव्हा शिवणकामाची टेप घ्या आणि एका विश्वासातल्या मैत्रिणीला दार लावून आत बोलवा. माप घेताना पोट आत ओढायचं नाही! टेपला इंप्रेस करून काही मिळत नाही.

कंबर दोनदा मोजा, उभी राहून आणि बसून. बसल्यावर आकडा वाढतो आणि सायकलवर आपण बसलेल्या असतो, म्हणून तोच खरा. हिप (टेलर याला सीट म्हणतात) सर्वात रुंद जागी मोजा. मांडीही बसूनच मोजा, जिथे ती सगळ्यात भरलेली आहे तिथे. आणि एक माप जे सहसा कुणी घेत नाही: आसन. समोर कमरेपासून टेप दोन्ही पायांमधून मागे कमरेपर्यंत न्यायची. चड्डी बसल्यावर मागून खाली का सरकते, कमरेची पट्टी गुंडाळी होऊन पोटाखाली का जाते, याचं उत्तर बहुतेक वेळा याच मापात असतं. आसन आखूड असलं की वर कितीही इलॅस्टिक घाला, कापड ओढलं जाणारच.

आता समजा तक्त्यात तुमची कंबर एक साइज सांगते आणि हिप त्याच्या वरचा. हिपचं ऐका. कंबर आत घेता येते, हिप वाढवता येत नाही. तक्त्यात मांडीचं माप दिलेलंच नसेल (बहुतेक वेळा नसतंच) तर खरेदीदारांनी टाकलेले फोटो आणि अभिप्राय वाचा, त्यात एखादी तरी ‘मांडीला घट्ट’ असं लिहून गेलेली असते. आणि मागवण्याआधी वस्तू परत घेतात का ते नक्की बघा. आतला कपडा म्हणून काही ठिकाणी अशा शॉर्ट्स परत घेत नाहीत. किंमत म्हणाल तर बऱ्या पॅडवाल्या शॉर्ट्स हजाराच्या आसपास सुरू होतात आणि वर कुठेही जातात. पहिल्याच फटक्यात महागडी घेऊ नका, पण रोज वापरायची असेल तर अगदी स्वस्तातलीही नको.

हातात आल्यावर लांबी बघा. उभ्या राहा, तुमच्या मांड्या एकमेकींना कुठपर्यंत टेकतात ते पाहा, आणि पायाची कड त्याच्या खाली दोन-तीन बोटं गेली पाहिजे. कड टेकणाऱ्या जागेच्या मधोमध संपत असेल तर ती दहा मिनिटांत वर गुंडाळत येणार आणि तिथेच नवी जखम करणार. मोठ्या मांड्यांना लांब पायाच्या शॉर्ट्सच बऱ्या, अगदी गुडघ्यापर्यंत आल्या तरी चालेल. पायाच्या कडेला रुंद पट्टी असावी. बारीक इलॅस्टिक असेल तर ते मांडीत रुतून वर-खाली दोन वळ्या करतं, ते नको.

मग उकिडव्या बसा आणि मैत्रिणीला विचारा, मागून कापड पारदर्शक होतंय का. उभं राहिल्यावर गादी पोटरीपर्यंत लोंबणाऱ्या लंगोटासारखी वाटेल. त्याने निराश होऊ नका, ती चालायसाठी बनवलेली नाही. खुर्चीच्या कडेवर बसून, हँडल धरल्यासारख्या वाका. तेव्हा ती अंगाला नीट लागते का, ते पाहा. सुरकुती कुठेही नको. आवळणं आणि धरून ठेवणं यातला फरक श्वास घेतल्यावर कळतो. ‘थोडी घट्ट आहे, वजन उतरलं की बसेल’ म्हणून लहान माप घेण्याचा मोह होईल. आजच्या अंगाला आजचं माप हवं. आज लागलेल्या मांडीला पुढच्या वर्षीच्या कंबरेचा काही उपयोग नाही.

खांद्यावरून पट्टे जाणाऱ्या ‘बिब’ शॉर्ट्सही असतात. कमरेला काहीच आवळत नाही म्हणून पोट असणाऱ्यांना त्या खरंच सुखाच्या. पण लघवीला जायचं म्हणजे वरचे सगळे कपडे काढणं आलं. आपल्या रस्त्यांवर बायकांसाठी स्वच्छतागृहं किती आणि कशी आहेत ते आठवा आणि मग ठरवा.

नाहीच मिळाली तर आपला टेलर आहे

हा भाग मोठ्या शहरांतल्या मुलींना कदाचित लागणार नाही, पण आपल्याला लागेल. तुम्हाला आधीच नीट बसणारी एखादी स्पोर्ट्स लेगिंग असेल, सुती नव्हे, नायलॉन किंवा पॉलिएस्टरमध्ये स्पँडेक्स मिसळलेली, चारही बाजूंनी ताणली जाणारी, तर अर्धं काम झालंच. नुसती शिवायची सुटी गादी ऑनलाइन मिळते. बायकांची, मागे रुंद असलेली निवडा. मग फॉल-पिकोवाल्या ताईंकडे किंवा इंटरलॉक मशीन असलेल्या टेलरकडे जा.

त्यांना चार गोष्टी नीट सांगा. गादी फक्त कडेने शिवायची, मधून टाका नको. टाका नागमोडी (झिगझॅग) हवा, कारण सरळ टाका कापड ताणलं की तटातट तुटतो. सुई बॉलपॉइंटची, नाहीतर लायक्राला बारीक भोकं पडतात. आणि जिथे चार शिवणी मिळतात ती गाठ काढून तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा घालायचा. सलवारीच्या आसनात पूर्वीचे शिंपी असा तुकडा घालत, त्यामुळे वयस्कर टेलरला हे लगेच कळेल. त्याने शिवणी मधल्या जागेवरून बाजूला सरकतात आणि मांडीलाही थोडी जागा मिळते. कारखान्यातल्या शॉर्ट्सना असते तशी सपाट शिवण साध्या मशीनवर होत नाही. त्यावर उपाय सोपा आहे: इंटरलॉकची जाड कड अंगाच्या बाजूला न ठेवता बाहेरच्या बाजूला घ्या. दिसायला उलटा कपडा घातल्यासारखं दिसेल. वर कुर्ता असणारच आहे, कोण बघतंय!

पहिल्यांदा सांगताना लाज वाटेल. टेलर पुरुष असेल तर जास्तच. तेव्हा जुनी लेगिंग आणि गादी पिशवीत घालून न्या, खडूने जागा आधीच आखून ठेवा आणि ‘इथे हे शिवून द्या’ एवढंच म्हणा. बाकी काही समजावून सांगायची गरज पडत नाही.

कुर्त्यावरून आठवलं. सायकलिंग शॉर्ट्स म्हणजे ती घालून गावातून मिरवलंच पाहिजे, असं मुळीच नाही. मालेगावातून अकोल्याकडे किंवा वाशिमकडे जाणाऱ्या महामार्गावर पहाटे ट्रक, एसटी आणि फिरायला निघालेले गावातले सगळे काका असतात. शॉर्ट्सवर सैल ट्रॅक पँट किंवा सलवार घाला. गादीचं काम आत चालूच राहतं. फक्त सलवारीचा पायचा चेनकडच्या बाजूने रबराने बांधा. पुढेमागे वाटलं तर नुसत्या शॉर्ट्सवर जा, नाही वाटलं तर नका जाऊ. १८९४ मध्ये बॉस्टनहून जगाच्या सायकल फेरीला निघालेली ॲनी लंडनडेरीसुद्धा सुरुवातीला लांब स्कर्ट घालूनच निघाली होती. वाटेत अडचण झाली तसा तिने स्कर्ट सोडून ब्लूमर घातला, सायकलही हलकी घेतली आणि शेवटी पुरुषांचा सूट. तिने तिच्या रस्त्याने ठरवलं.

जे कुणी मोठ्याने बोलत नाही

गादीच्या शॉर्ट्सखाली आतला कपडा घालायचा नसतो. हे वाचून काहींच्या भुवया उंचावतील, आईच्या तर नक्कीच. पण कारण साधं आहे. गादी थेट कातडीला लागून घाम ओढण्यासाठी बनवलेली असते. मध्ये सुती कपडा आला की ओल, शिवण आणि इलॅस्टिक सगळं परत आलं. म्हणजे पैसे वाया. शॉर्ट्स हाच आतला कपडा, असं समजा. म्हणूनच ती एकदा घातली की धुवायलाच जाते.

पाळीच्या दिवसांत? चालवावीशी वाटत नसेल तर नका चालवू. चालवायचीच असेल तर ज्यांना मेन्स्ट्रुअल कप जमतो त्यांना सगळ्यात सोपं, कारण घासायला काही उरतच नाही. पॅड वापरत असाल तर पंख नसलेला, पातळ घ्या, कारण पंखांच्या कडा मांडीच्या मुळाशी घासतात. त्या दिवसांपुरता बिनशिवणीचा, अंगाला चिकटणारा आतला कपडा घातला तरी बिघडत नाही. नियमापेक्षा तुमची सोय मोठी.

निघण्याआधी मांड्यांच्या आतून आणि गादीच्या कडा लागतात तिथे पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. एक तोटा म्हणजे ती कपड्यातून लवकर निघत नाही, म्हणून थापू नका. परतल्यावर ओल्या शॉर्ट्समध्ये मोबाइल बघत बसू नका. लगेच काढा, अंघोळ करा, अंग कोरडं करा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि नंतरच्या दमट पावसाळ्यात जांघेत गजकर्ण व्हायला एवढी ओल पुरते. आणि झालंच, गोल कडा असलेला खाजरा चट्टा दिसला, तर मेडिकलमधून कुणी सांगितलेली ट्यूब आणून चोळू नका. अशा अनेक ट्यूबांत स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, चट्टा मात्र आतून पसरत राहतो आणि मग महिनोन्महिने हटत नाही. भारतातले त्वचारोगतज्ज्ञ याबद्दल कित्येक वर्षं ओरडून सांगताहेत. डॉक्टरांना दाखवा. जांघ दाखवायला लाज वाटते म्हणूनच हा आजार इतका फोफावतो.

दुखण्यांतला फरकही ओळखायला हवा. नव्याने सुरू केल्यावर पहिले दहा-बारा दिवस बैठकीच्या हाडांवर ठणका लागतो, बाकावर बसताना ‘आई गं’ होतं. तो हळूहळू जातो. पण कातडीची आग, मधल्या भागाला येणारा बधिरपणा, मुंग्या किंवा एका जागी उठलेली दुखरी गाठ यांची सवय होत नसते आणि करूनही घ्यायची नसते. थांबा, आणि कारण शोधा. गादी सरकतेय का? सीटचं नाक वर उचललंय का? ते जमिनीला समांतर करून बघा, पाना असला तर एका मिनिटाचं काम. सीट फार उंच असली तर दर पेडलला कंबर डावी-उजवी डोलते आणि मग जगातली कुठलीही शॉर्ट्स तुम्हाला वाचवू शकत नाही.

सायकल कुठली, हा प्रश्न मी मुद्दाम काढलेला नाही. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या, शाळेपासून लांब राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या जातात आणि वाशिम जिल्हा त्या कार्यक्रमात आहे. बारावी झाली की ती सायकल भावाकडे जाते किंवा ओसरीत बादलीशेजारी उभी राहते. तुमच्याकडे अशी एखादी असेल तर तीच काढा. हवा भरा, चेनला तेल द्या, सीट खिळखिळी झाली असेल तर पुठ्ठ्यावरचं माप घेऊन नवी बसवा. गिअर नसले तरी चालतं. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून जातो खरा, पण त्यावर सायकलला मनाई आहे. शिरपूर जैनकडे जाणारा रस्ता मात्र तुमच्यासाठी उघडा आहे. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत परत या.

राहिलं धुणं. शॉर्ट्स उलटी करून, साध्या साबणाने, थंड पाण्यात हाताने धुवा. ब्रशने घासू नका, पिळा मारू नका, कपडे मऊ करायचं द्रावण तर अजिबात नको, त्याने कापडाची घाम ओढायची ताकद जाते. वाळत घालताना गादीची बाजू बाहेर ठेवा आणि सावलीत घाला. कडक उन्हात लायक्रा लवकर मरतो, आणि आपलं मे महिन्यातलं ऊन तर तुम्हाला माहीतच आहे. गच्चीवरच्या दोरीवर ही गादीवाली चड्डी बघून शेजारच्या काकू ‘हे काय गं?’ म्हणून विचारतीलच. सांगून टाका. त्यांच्याही मांड्या लागतात. काही महिन्यांनी गादी चिमटीत दाबून बघा: बोटं काढल्यावर ती फुगून वर आली नाही, किंवा कापड उजेडात जाळीसारखं दिसू लागलं, तर ती संपली. गादी उसवून टाका आणि उरलेली चड्डी साडीखाली घाला, लग्नसराईत फार उपयोगी पडते.